वस्तऱ्याच्या मुठीला गेलेला तडा

भाविकहो, लिंबाजी महाराज कासारखेडच्या वेशीबाहेर, जुन्या विहिरीच्या ओट्यावर बसायचे, तेव्हाची ही गोष्ट. महाराज कुणाला बोलवायचे नाहीत नि कुणाला हाकलायचेही नाहीत. म्हणूनच म्हाळू तिथं टिकला.

म्हाळू म्हशीच्या शिंगाचे कंगवे करायचा, न्हाव्यांच्या वस्तऱ्यांच्या फुटक्या मुठी सांधायचा. हातात कसब मोठं, पण बूड एका जागी ठरायचं नाही. डोकं तापट. तीन गावांत भांडून तीन गावं सोडलेली. महाराजांच्या पायाशी मात्र जिवाची तगमग घटकाभर थांबायची. हे गाव सुटू नये, एवढंच त्याला वाटायचं.

गावच्या रंगराव इनामदारांच्या घरी चार पिढ्यांची जावळं एकाच वस्तऱ्यानं निघालेली. नातवाच्या जावळाला तीन दिवस उरले नि पेटी उघडली, तर पातं शाबूत, पण शिंगाच्या मुठीच्या दोन पट्ट्यांपैकी एक किड्यांनी खाल्लेली, दुसरी वाकलेली. मूठ बदलायची नाही, हीच नीट कर, असं त्यांनी म्हाळूला बजावलं. वर हसून म्हणाले, "तुझ्या बुवाचा अंगारा लावून सांधू नकोस म्हणजे झालं."

म्हाळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "महाराजांचं नाव घेऊनच सांधीन. नाही जमलं तर गाव सोडीन," असं चार लोकांसमोर बोलून बसला.

खाल्लेल्या पट्टीची भोकं त्यानं शिंगाचा भुसा सरसात कालवून बुजवली. वाकडी पट्टी जावळाच्या दिवशी सकाळी ऊन तेलात मऊ केली नि दोन फळ्यांत आवळली. आता पुरती गार होईतो तिला हात लावायचा नाही. शिंगाच्या कामात निम्मी कारागिरी हात आवरण्यातच असते.

म्हाळू उठला, बसला, चुलीतली राख उकरली, दारात जाऊन सावली बघून आला. मुहूर्त दुपारचा. बसली असेल का नीट? एकदाच बघू. फळ्या सैल केल्या नि अर्धी ऊन पट्टी उसळून पुन्हा वाकली. त्यानं चिडून ती तशीच दाबली. टक्कन आवाज आला. पट्टीला उभा तडा गेला.

त्यानं कढई, चिमटा, वस्तरा सगळं गाठोड्यात बांधलं नि निरोप घ्यायला ओट्यावर गेला. "महाराज, माझ्या हाताला धीर नाही. तुमच्या नावाला बट्टा लावला मी."

महाराज म्हणाले, "पट्टी ऊन कर नि दे इकडं."

तीन दगड मांडून म्हाळूनं तेल तापवलं. चिमट्यानं पट्टी काढली, तशी महाराजांनी ती उघड्या मुठीत धरली. म्हाळूच्याच अंगावर काटा आला. "बस," महाराज म्हणाले. "मी सोडीपर्यंत उठायचं नाही."

तेवढ्यात वस्तरा न्यायला म्हाळूला शोधत इनामदार माणसं घेऊन आले. पट्टी माझ्या हातून तडकली, महाराजांच्या मुठीत आहे, असं म्हाळूनं सरळ सांगून टाकलं. इनामदार हसले. "आता बुवा कारागीर झाले म्हणायचे! उघडा की मूठ, बघू तरी."

ओठावर आलेली शिवी म्हाळूनं गिळली, मांडी घट्ट धरली नि बसून राहिला. सावली पायाशी आली. माणसं कुजबुजायला लागली. महाराजांचे डोळे मिटलेलेच.

मुहूर्ताला एक घटका उरली, तेव्हा महाराजांनी मूठ उघडली. पट्टी सरळ, काळीभोर. म्हाळूनं खीळ ठोकून वस्तरा जुळवला. इनामदारांनी तो उन्हात धरला, उलटसुलट करून नख फिरवलं. नख कुठं अडकेना. "तडा कुठंय?"

म्हाळूची नजर महाराजांच्या तळहातावर गेली. तिथं एक लाल उभी चीर होती, पट्टीएवढीच लांब. इनामदारांनीही पाहिली.

"तडा गेला होता खरा," महाराज शांतपणे म्हणाले. "त्याला कुठंतरी राहायला जागा हवी ना."

पागोटं काढून इनामदारांनी कपाळ महाराजांच्या पायांवर टेकलं. मग उठून म्हाळूलाही हात जोडले.

महाराजांनी तोच हात त्यांच्या पाठीवरून फिरवला. "जा आता, पोराचं डोकं भिजवायला घ्या. मुहूर्त टळेल."