उंदराच्या ओवीवर बंदी

पिठाच्या गिरण्या अजून यायच्या होत्या. निंबोरीत पहाटे घरोघरी जाती फिरत आणि बायका दळता दळता ओव्या रचत. गावचे देशमुख भुजंगराव भारी संशयी. कोणी हसलं, की त्यांना वाटे आपल्यालाच हसलं. एका पहाटे साळूच्या घरातून त्यांच्या कानी ओवी आली:

कणगीत शिरला उंदीर, मिशी त्याची तोऱ्याची,
दाणे खाऊन सांगतो, राखण करतो पोत्याची.

भुजंगरावांनी साळूला चावडीवर बोलावलं. "हा उंदीर कोण?"

"उंदीरच, सरकार."

"खोटं! आजपासून ही ओवी गावात बंद!"

"मी गप्प बसेन, सरकार. पण ओवी घरोघरी गेलीय. दवंडीच पिटवा. दवंडीवाल्याला ओवी चौकाचौकात म्हणून दाखवावी लागेल, नाहीतर कुठली बंद ते कळणार कसं? मग लोक विचारतील, उंदराला नावं ठेवली तर देशमुखांना का झोंबलं? त्यांना काय सांगायचं?"

मिशीकडे निघालेला भुजंगरावांचा हात मध्येच थांबला. दवंडी काही पिटली नाही.

दुसऱ्या पहाटे त्यांना तीच ओवी पुन्हा ऐकू आली. या वेळी जातं त्यांच्याच घरातलं होतं, आणि आवाज देशमुखीणबाईंचा.