कड्याची वाट आणि काठाची वाट

खूप जुन्या काळी, जेव्हा माणसं गावोगाव पायीच जात, तेव्हाची ही हकिकत. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका गावात गोदाक्का नावाची बाई राहत असे. चालण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. दर चैत्रात गावातली धट्टीकट्टी माणसं दूरच्या डोंगराईच्या यात्रेला पायी निघत, आणि गोदाक्का त्यांच्या पुढे असे. चैत्री पुनवेला देवीची मोठी पूजा होई. ती गाठायची, तर वाट एकच, कड्याची. ती जवळची होती, पण अंगावर येणारी. कपारींना धरून चढायचं, घसरड्या उतरणीवर बसून उतरायचं. जो कड्याने जाऊन येई, त्याला गाव मानाने ओवाळून घेई.

दुसरी वाट नदीच्या काठाने जात असे. ती सपाट होती, सावलीची होती, पण लांबच लांब. त्या वाटेने गावातलं सहसा कुणी जात नसे.

एका वर्षी गोदाक्काचा धाकटा भाऊ हैबती म्हणाला, "अक्का, यंदा मी येतो."

गोदाक्काने त्याच्या पायाकडे पाहिलं. गाडी उलटून हैबतीचा एक पाय कायमचा आखडला होता. पण त्याची बायको काशी त्याच हिवाळ्यात वारली होती. देवीची ओटी भरायचा तिचा नवस राहून गेला होता. तो फेडायला निघालेल्या भावाला नको कसं म्हणायचं?

"चल," ती म्हणाली.

दोन वाटा फुटतात तिथे एक मोठी चिंच होती. तिथवर हैबती कसाबसा आला. कड्याकडे पाहून तो खालीच बसला.

संघातला रायाजी सुतार समजूतदार माणूस होता. तो म्हणाला, "हैबतीदादा, तुम्ही इथेच थांबा. तुमची ओटी आम्ही नेतो, देवीच्या पायांशी वाहतो. येताना तुम्हाला घेऊन घरी जाऊ."

"बरोबर आहे तुझं," हैबती म्हणाला. त्याने गाठोडं सोडलं, खण आणि नारळ काढून बहिणीच्या हातात दिले. "नीट ने, अक्का."

गोदाक्काने ओटी पदरात बांधली आणि ती चढू लागली. पाय सवयीने पडत होते. पहिल्या टेकाडावर पोचल्यावर तिने मागे पाहिलं. चिंचेखाली हैबती रिकामं गाठोडं पुन्हा नीट बांधत होता. त्यात बांधायला काहीच उरलं नव्हतं, तरी तो गाठ मारत होता.

गोदाक्का थांबली. आपण नवस घेऊन चाललो आणि नवसाचा माणूस मागे टाकला, हे तिला तिथे कळलं.

"रायाजी, वाट तुला ठाऊक आहे. संघ तू ने," ती म्हणाली.

"पण अक्का, काठाने गेलात तर पुनव गाठणार नाही."

"नाही गाठली तर नाही गाठली," गोदाक्का म्हणाली आणि टेकाड उतरली.

काठाची वाट सोपी होती, पण गोदाक्काला ती जड गेली. ती सवयीने पुढे जाई, मग झाडाखाली बसून भावाची वाट पाही. हैबतीला ते दिसे. कुणीतरी ताटकळतंय म्हणून तो घाई करी, पाय ओढी, आणि दुपारपर्यंत त्याचा गुडघा सुजून येई. मग दोघांनाही नदीत पाय सोडून बसावं लागे. असं काही दिवस चाललं. शेवटी एका सकाळी गोदाक्का मुद्दाम त्याच्या मागे चालू लागली. पुढे कुणी खोळंबलेलं नव्हतं, म्हणून हैबती आपल्या चालीने चालला, आणि त्या दिवशी सगळ्यांत जास्त वाट तुटली.

तरी पुनव हुकलीच. यात्रेहून परतणारी दुसऱ्या गावांची माणसं समोरून येऊ लागली. त्यांतला एक म्हणाला, "आता कशाला जाता? यात्रा उठली."

हैबती वाटेतच थबकला. "माझ्यापायी तुझी पुनव गेली, अक्का."

"यात्रा उठली," गोदाक्का म्हणाली, "देवी कुठे उठून गेलीय? चल."

ते पोचले तेव्हा देवळात एक म्हातारी गुरवीण अंगण झाडत होती. दुसरं कुणी नव्हतं. हैबतीने आपल्या हाताने ओटी भरली आणि हळू आवाजात सांगितलं, "ही काशीची आहे. ती यायची होती." मग तो उंबऱ्याशी बसला आणि मनसोक्त रडला. त्याला पुढे सरका म्हणणारं कुणी नव्हतं. उठला तेव्हा त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी मोकळा दिसला.

गोदाक्का देवीकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांच्या रेटारेटीत तिला देवीचा मुखवटा कधी धड दिसलाच नव्हता. आज तिने तो डोळे भरून पाहिला.

दोघं गावी परतली, तेव्हा रायाजीचा संघ कधीच सुखरूप येऊन पोचला होता, ओवाळून झालं होतं. पारावर कुणी म्हणालं, "गोदाक्काचे पाय थकले." तिने ते ऐकलं आणि हसून सोडून दिलं.

पुढच्या यात्रेआधी, फाल्गुनातच तिच्या दाराशी माणसं आली. कुंभाराची वाकलेली म्हातारी होती, काठी टेकत आलेला एक आंधळा होता, तान्हं कडेवर घेतलेली एक सून होती. जन्मभर वेशीपर्यंत येऊन दुसऱ्यांना निरोप देणारी ही माणसं.

म्हातारी म्हणाली, "गोदे, त्या खालच्या वाटेने आम्हाला नेशील का?"

"नेईन की," गोदाक्का म्हणाली. "पण उद्याच निघायचं. आपल्याला वेळ लागेल, तर आपण लवकर निघू."

ती सगळी निघाली. सर्वांत पुढे म्हातारी, सर्वांत मागे गोदाक्का. पुनवेच्या सकाळी रायाजीचा संघ कडा चढून देवळाशी आला, तेव्हा काठाची माणसं पायऱ्यांवर विसावलेली होती. त्या वर्षी डोंगराईच्या पूजेला त्या गावातून दोन्ही वाटांनी माणसं गेली, आणि नंतर कधी कुणाला केवळ पायांमुळे घरी राहावं लागलं नाही.

म्हणून सांगतो: वाट निवडताना आपले पाय कुठवर धावतील ते पाहू नये, सोबत्याचे पाय कुठवर पोचतील ते पाहावं.