कासरा महाराजांच्या हाती

रणधवल महाराजांनी दवंडी पिटवली आणि चंदनगडातल्या सगळ्या बैलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

त्याचं असं झालं. एका शिकाऊ गाडीवानानं भर बाजारात गाडी थेट महाराजांच्या पालखीवर घातली. भोयांनी पालखी टाकून धूम ठोकली आणि महाराज वांग्यांच्या पाटीत जाऊन बसले. लोकांनी हसू दाबलं, पण ते काही पुरतं दाबलं गेलं नाही. संध्याकाळी हुकूम निघाला. परवान्यावाचून कुणी कासऱ्याला हात लावायचा नाही. लावील तो कोठडीत जाईल. आणि परवाना त्यालाच मिळेल, जो राजवाड्यापासून बाजारातून नदीघाटापर्यंत, कुणालाही धक्का न लावता, गाडी नेऊन दाखवील.

आता बोला! परवान्यासाठी गाडी हाकायची, आणि गाडी हाकायला आधी परवाना हवा.

पहिल्याच दिवशी येसाजी गाडीवान परीक्षेला गेला. तीस वर्षं गाडी हाकलेला माणूस. त्यानं कासरा हाती घेतला, तोच शिपायांनी त्याचा दंड धरला.

"परवाना?"

"तो घ्यायलाच तर आलोय."

"म्हणजे नाही. चला."

चार दिवसांत एकवीस गाडीवान आत गेले. बाजारात मीठ येईना, सरपण येईना. दिवाणजींनी भीत भीत तोंड उघडलं, "महाराज, त्या हुकमात जरा..."

"आमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," महाराज म्हणाले आणि विषय मिटला.

येसाजीला एकुलती एक लेक होती, हौसा. ती भाकरी घेऊन कोठडीवर गेली, तर दम्यानं बापाला धड बोलता येईना. खाली ओल, वर ओल, आणि तो मधे खोकत बसलेला.

"बा, उद्या तुला घरी नेते."

"नसतं धाडस करू नकोस, पोरी. मला काढायला येशील आणि तूच शेजारी येऊन बसशील."

"तुझ्याच शेजारी बसून तर शिकले सगळं," हौसा म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ती राजवाड्यावर हजर झाली. कासरा गाडीत टाकलेला, आणि ही बैलांच्या पुढं पायी चालत आलेली. भोवती हा एवढा बाजार गोळा झाला.

"महाराज, मला परवाना हवा."

"मग धर कासरा," महाराज मिशीत हसले. शिपाई लगेच सरसावले.

"मी कशी धरू? माझ्याकडे परवाना नाही. राज्यात कुणाकडे आहे?"

दिवाणजींनी वही उघडली. "एकच दिलाय. पहिला. खुद्द महाराजांना."

तो महाराजांनी आपणच आपल्याला दिला होता. जन्मात कधी कासरा धरला नव्हता. पण राज्यातला पहिला परवाना दुसऱ्याला जावा, हे त्यांना कसं खपणार?

"मग कायद्यानं कासरा महाराजांनीच धरायला हवा," हौसा म्हणाली. "मी शेजारी बसते. हात माझे मांडीवर. कासऱ्याला बोट जरी लागलं, तरी खुशाल कोठडीत घाला."

महाराजांची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर चारचौघांत शोभा. शेवटी अंगरखा सावरत ते गाडीत चढले आणि कासरा हिसडून ओरडले, "चला!"

बैल हलले नाहीत.

"बैल हुकूम ऐकत नाहीत, महाराज. कासरा ऐकतात. जरा सैल सोडा."

सैल सोडला, तशी गाडी निघाली ती थेट मुळ्यांच्या ढिगावर. मुळेवाली पदर खोचून उभी राहिली.

"उजवा ओढा. अहो, इतका नाही, त्याच्या नाकात वेसण आहे. हां, आता सोडा. आणि बैलांच्या शेपट्या काय बघताय? रस्ता बघा."

"ती म्हातारी मधे येतेय. आमची गाडी बघून थांबेल ती."

"आणि तिला दिसत नसेल तर? आपण थांबायचं."

महाराज थांबले. जन्मात पहिल्यांदाच कुणासाठी तरी थांबले. म्हातारी सावकाश पलीकडे गेली, वर "सुखी राहा रे बाळा" असंही म्हणाली. पुढं भांडेवाल्यांची अरुंद गल्ली आली. हौसा सांगत गेली, महाराज ओढत-सोडत गेले, आणि गाडी एकाही घागरीला न लागता घाटावर पोचली. महाराज घामानं निथळत होते, फेटा कानावर आला होता, पण चेहरा कसा फुलला होता!

खाली उतरताच मात्र ते ताठ झाले. "पोरी, कासरा आमच्या हाती होता. गाडी आम्ही हाकली. तुला परवाना कसला?"

"मान्य आहे, महाराज. पण राजवाड्यापाशी जमत नव्हतं आणि घाटाशी जमलं. मधे कुणी शिकवलं?"

महाराजांनी कानावर आलेला फेटा सारखा केला. "शिकवलंस तूच. त्या अर्थी तू आमची गुरू."

"आणि मला माझ्या बापानं शिकवलं. असंच शेजारी बसवून." हौसानं मान खाली घातली नाही. "आपल्या गुरूचा गुरू कोठडीत खोकत पडलाय, महाराज. हे राज्याला शोभतं का?"

गाडीमागं धावत आलेले दिवाणजी वही सावरत पुढं झाले. महाराजांनी आधी हौसाकडे पाहिलं, मग कासऱ्यानं लाल झालेल्या आपल्या तळव्यांकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटले.

"सोडा रे सगळ्यांना! येसाजीला पालखीतून घरी पोचवा, आणि राजवैद्याला बरोबर धाडा. दिवाणजी, लिहा. नवशिक्यानं जाणत्याच्या शेजारी बसून खुशाल कासरा धरावा. शिकला, की परीक्षा घ्यावी. परीक्षा हौसा घेईल आणि परवानेही तीच देईल." त्यांनी बोटातली सोन्याची अंगठी काढून तिच्या हातावर ठेवली. "काय गुरूबाई, मग आमचा परवाना कायम ना?"

"तो आधी माझ्याकडे जमा करा, महाराज," हौसा म्हणाली. "आणि आठ दिवस रोज सकाळी या. गाडी मागं घ्यायची अजून शिकायचीय."