हिवरदरीची साळू तेलीण

फार फार मागं, हिवरदरीत तेलाचा एकच घाणा होता आणि तो साळू तेलीण हाकायची, त्या काळची ही हकिकत. नवरा गेलेला, पदरात एकुलती चिमी. त्या साली पाऊस रुसला, लोकांनी बियाणंसुद्धा दळून खाल्लं, आणि वर लेकरांना गोवर निघाला. गाव म्हणे, बाई आल्या, म्हणजे गोवराची देवी. बाई घरात असल्या की फोडणी नाही, तेल नाही, डाळदाणा नाही. आजाऱ्याला नुसतं पेजेचं वरचं पाणी. उपाशी घरातून बाई लवकर उठतात, असं म्हणत.

चिमीच्या अंगावर पुरळ उठलं तेव्हा साळूनं नेम असा पाळला की कुणी बोट दाखवू नये. पोर गोठ्याकडं बघून म्हणायची, "आये, बैलाला पेंड देतीस, मला का न्हाई?"

"बाई रागावतील. जरा दम धर."

पोरीनं दम धरला. पुरळ सुकलं, ताप उतरला, साळूनं ओटी भरून बाईंची पाठवणी केली. मग साधा खोकला आला, आणि त्या साध्या खोकल्यानं चिमीला नेलं.

असं म्हणतात, त्या संध्याकाळी हिरव्या लुगड्यातली एक बाई घाण्यापाशी येऊन टेकली. हातात कडुलिंबाचा डहाळा. साळूनं ओळखलं. म्हणाली, "माझं काय चुकलं? मी तर घर उपाशी ठेवलं हुतं."

"म्हणून तर लवकर उठले," बाई म्हणाल्या. "उपाशी घरात माझं काम लवकर उरकतं. कोठाराला राखणदार असतात, तसे अंगालाही असतात, साळू. तू त्यांचीच भाकर बंद केलीस. माझ्या मागनं जो आला, त्याला अडवायला कोण उठणार होतं?"

साळू रडली नाही, असं म्हणतात. तिनं तीळ, हुलगे, असेल नसेल ते काढलं, पेंड कुटली, गुळाचा खडा घातला आणि पाटी डोक्यावर घेऊन दारोदार निघाली. पण फुकटच्या मालावर कुणाचा भरवसा बसतो? दारं लागली. पाटलाची थोरली सून खिडकीतून म्हणाली, "सोताची खाल्लीस, आता आमची खायला आलीस व्हय?" साळूनं पाटी सावरली आणि पुढचं दार गाठलं.

तरी ती रोज फिरली. पेंड लेकरांकडं वळली तसा बैल खंगून पडला, मग तिनं जू आपल्या मानेवर घेतलं. पुढं तर तीळ संपले तरी घाण्यातून पेंड पडतच राहिली, असं सांगतात. पण गावाला उशीर झाला. आधी घरातून तिरडी उठायची, मग दार किलकिलं व्हायचं. पाटलाच्या सुनेनं दार उघडलं तेव्हा तिच्या तिघांतला एकच उरला होता. साळूनं त्याला मांडीवर घेऊन भरवलं. तो जगला. अशी मोजकीच जगली.

बाई गाव सोडून गेल्या. साळू दिसेना म्हणून लोक घाण्याकडं गेले, तर ती जुवाला टेकून बसलेली, गार पडलेली. शेजारच्या पाटीत पेंड भरलेली होती, पोट मात्र पाठीला लागलेलं. गावाला भरवणारीला 'तू जेवलीस का' एवढं एकानंही विचारलं नव्हतं.

हिवरदरीत आजही कुणी अंथरुणाला खिळलं की शेजारीण तीळगूळ घातलेलं हुलग्याचं माडगं घेऊन येते. आजाऱ्याला भरवते. मग दुसरी वाटी उशाशी बसलेल्या माउलीपुढं ठेवते आणि ती संपेपर्यंत उंबऱ्यावरून हलत नाही. माउली म्हणते, "ऱ्हाऊ दे, मला भूक न्हाई."

शेजारीण म्हणते, "साळूलाबी नव्हती."