टिल्ली खारीचा बदाम आणि विसूकाकांचं मशीन

ऐका हं. कान इकडे, बोट ओठावर.

बालवाडीच्या मागे बदामाचं झाड होतं. झाडावर एक खार राहायची. खार एवढीशी, शेपटी ही एवढी. तिचं नाव टिल्ली.

आज सकाळी टिल्लीने बदाम तोडला. तिचा पहिला बदाम. आईने दिलेला नव्हे, खाली पडलेला नव्हे, स्वतः कुरतडून तोडलेला. लाल लाल, टपोरा. आईला दाखवायला ती बालवाडीच्या छपरावरून निघाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. पाय सटकला. बदाम सुटला.

गडगड, गडगड, पच्च.

बदाम पन्हळीत पडला. पन्हळ म्हणजे छपराच्या कडेची लांब नाली. पावसाचं पाणी तिच्यातून खाली जातं. पण या पन्हळीत पाला होता, माती होती, काळा काळा चिखल होता. टिल्लीने पंजा घातला. पंजा पोचला नाही. शेपटी घातली. शेपटी काळी झाली. बदाम काही निघाला नाही.

टिल्लीचे डोळे भरून आले.

आईने तिची शेपटी पुसली. म्हणाली, विसूकाकांकडे जा. पन्हळी साफ करायचा धंदा त्यांनी नुकताच काढलाय.

टिल्ली गेली. टुणुक टुणुक.

विसूकाकांच्या दारावर मोठी पाटी होती. अंगात निळा गणवेश होता. गळ्यात शिट्टी होती. नव्हतं फक्त मशीन. सूंऽऽ करून पाला ओढणारं मशीन.

टिल्ली म्हणाली,
"विसूकाका, विसूकाका, ऐका ना.
पन्हळ साफ होईना,
माझा बदाम मिळेना."

विसूकाकांनी शिट्टी वाजवली. फुर्रर्र. मग ते खुर्चीत बसले. मशीन घ्यायचं तर आहे, म्हणाले, पण मोठं घ्यावं की छोटं, तेच ठरत नाही. मोठं म्हटलं की छोटं आवडतं. छोटं म्हटलं की मोठं आवडतं. जेवण गोड लागत नाही. आणि मशीन विकणारे रतनशेठ तर खोकीच उघडत नाहीत.

"रतनशेठ खोकी उघडतील, तेव्हा मी मशीन निवडेन," विसूकाका म्हणाले.

टिल्ली निघाली. टुणुक टुणुक.

रतनशेठचं दुकान चौकात होतं. दुकानात दोन खोकी होती. एक मोठं, एक छोटं. दोन्ही खोक्यांना मिळून एकच लाल फीत बांधली होती.

टिल्ली म्हणाली,
"रतनशेठ, रतनशेठ, ऐका ना.
काका निवडेनात,
पन्हळ साफ होईना,
माझा बदाम मिळेना."

रतनशेठ फार गोड बोलायचे. मोठं मशीन एकदम छान आहे, म्हणाले. आणि छोटं? तेही एकदम छान. दोघांत जास्त छान कोणतं? दोन्ही जास्त छान. पण फीत कापल्याशिवाय खोकं उघडायचं म्हणजे काय, लोक हसतील.

"तात्यासाहेब फीत कापतील, तेव्हा मी खोकी उघडेन," रतनशेठ म्हणाले.

टिल्ली निघाली. टुणुक टुणुक.

तात्यासाहेब गावातले मोठे माणूस. काम एकच, फिती कापायच्या. पूल झाला, फीत कापली. गिरणी झाली, फीत कापली. कोणाच्या घरी नवीन पंखा आला, तरी फीत कापली. आता ते आरशासमोर उभे होते. हातात कात्री होती. कचकच, कचकच. हवा कापत होते आणि मला फार आनंद होतो आहे, मला फार आनंद होतो आहे, असं घोकत होते.

टिल्ली म्हणाली,
"तात्यासाहेब, तात्यासाहेब, ऐका ना.
शेठ उघडेनात,
काका निवडेनात,
पन्हळ साफ होईना,
माझा बदाम मिळेना."

तात्यासाहेबांनी आरशात मान वळवून पाहिली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. मान रिकामी होती. रिकाम्या मानेचा फोटो बरा दिसत नाही, म्हणाले.

"गळ्यात हार पडेल, तेव्हा मी फीत कापेन," तात्यासाहेब म्हणाले.

टिल्ली निघाली. टुणुक टुणुक.

हौसामावशी देवळापाशी हार विकायची. सुई तयार होती. दोरा तयार होता. झेंडूची फुलंही होती टोपलीभर. पण टोपलीत शेळी बसली होती. पांढरीशुभ्र, ढोल्या पोटाची ढवळी शेळी.

टिल्ली म्हणाली,
"हौसामावशी, हौसामावशी, ऐक ना.
साहेब कापेनात,
शेठ उघडेनात,
काका निवडेनात,
पन्हळ साफ होईना,
माझा बदाम मिळेना."

मावशीने कपाळावर हात मारला. सकाळपासून ती शेळीला उठवत होती. कान ओढून झाले. पाला दाखवून झाला. शेळीने पाला खाल्ला आणि परत बसली.

"शेळी उठेल, तेव्हा मी हार ओवेन," हौसामावशी म्हणाली.

आता लांब जायला नको. टिल्लीने एकच उडी मारली. टुणुक.

शेळीचे डोळे मिटलेले होते. तोंड हलत होतं. चवळ चवळ, चवळ चवळ.

टिल्ली म्हणाली,
"शेळीताई, शेळीताई, ऐक ना.
मावशी ओवेना,
साहेब कापेनात,
शेठ उघडेनात,
काका निवडेनात,
पन्हळ साफ होईना,
माझा बदाम मिळेना."

शेळीने एक डोळा उघडला. तिची पाठ खाजत होती. खाजरी पाठ घेऊन कोण उठतं?

"साळुंकी पाठ खाजवेल, तेव्हा मी उठेन. म्यॅऽऽ," शेळी म्हणाली. आणि उघडलेला डोळा मिटून टाकला.

टिल्ली निघाली. टुणुक टुणुक. आता पाय दुखत होते. भूकही लागली होती.

साळुंकी गिरणीच्या दारात होती. पुढ्यात ज्वारीचा ढीग होता. टिपटिप, टिपटिप. साळुंकी दाणे टिपत होती.

टिल्ली म्हणाली,
"साळूताई, साळूताई, ऐक ना.
शेळी उठेना,
मावशी ओवेना,
साहेब कापेनात,
शेठ उघडेनात,
काका निवडेनात,
पन्हळ साफ होईना,
माझा बदाम मिळेना."

साळुंकीने मागे वळूनही पाहिलं नाही.

"दाणे संपतील, तेव्हा मी येईन," साळुंकी म्हणाली. टिपटिप, टिपटिप.

टिल्ली बसली. वाट पाहू लागली. पण वर पोत्याला भोक होतं. साळुंकी एक दाणा टिपायची, भोकातून दहा पडायचे. सरसर, सरसर. ढीग वाढतच होता.

आता कोणाकडे जायचं? कोणीच उरलं नव्हतं. टिल्ली विचार करू लागली. विचार करताना तिने कान खाजवला. खुरखुर, खुरखुर. बरं वाटलं. मग दुसरा कान खाजवला. खुरखुर, खुर...

टिल्ली थांबली. तिने पंजाकडे पाहिलं. इवल्या इवल्या नख्या. छान टोकदार नख्या.

टिल्ली उठली आणि पळत सुटली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक.

या वेळी तिने शेळीला काही विचारलं नाही. सरळ पाठीवर चढली.

खुरखुर, खुरखुर. मानेपाशी खाजवलं.
खुरखुर, खुरखुर. शेपटीपाशी खाजवलं.
खुरखुर, खुरखुर. मधोमध खाजवलं.

"म्यॅऽऽऽ," शेळी म्हणाली. आणि सुखाने अंग ताणत उभी राहिली.

शेळी उठली, मावशीने हार ओवला. फुलं जरा चपटी झाली होती.
मावशीने हार ओवला, साहेबांनी मान वाकवली.
साहेबांनी फीत कापली. कचकच.
साहेबांनी फीत कापली, शेठनी खोकी उघडली. फर्र, फर्र.
शेठनी खोकी उघडली, आणि काका...

काका विचारच करत राहिले.

एकीकडे मोठं मशीन. लाल, उंच, चार दिवे लुकलुकणारं. त्याची नळी हत्तीच्या सोंडेएवढी जाड. दुसरीकडे छोटं मशीन. निळं, बादलीएवढं. त्याची नळी लांबच लांब आणि बारीक. विसूकाकांनी मोठ्याभोवती फेरी मारली. छोट्याभोवती फेरी मारली. तात्यासाहेबांनी दिव्यांकडे बोट दाखवलं. मग विसूकाकाही म्हणाले, मोठंच घेऊ.

मोठं मशीन बालवाडीपाशी आलं. ढकला ढकला, ओढा ओढा. कापलेली फीत लोंबत आली, हार घालून तात्यासाहेब आले, मावशी आणि शेळीही आली. छोटंही मागून आलं. रतनशेठनी दोन्ही आणली होती. न जाणो, दोन्ही खपली तर बरंच. बालवाडीतली सगळी मुलं खिडकीत आली.

विसूकाकांनी शिट्टी वाजवली. फुर्रर्र. मोठ्या मशीनचं बटण दाबलं. दिवे लागले. घुर्रर्र, घुर्रर्र. जाड नळी वर गेली. पन्हळीपाशी पोचली. पण आत जाईना. उभी धरली, जाईना. आडवी धरली, जाईना. पन्हळ बारीक, नळी जाड.

नळी खाली वळली.

सूंऽऽ. फीत गेली.
सूंऽऽ. हार गेला.
सूंऽऽ. तात्यासाहेबांची टोपी गेली.

खिडकीतली मुलं खदखदा हसली. तात्यासाहेबांनी दोन्ही हातांनी धोतर धरलं. विसूकाकांनी बटण बंद केलं.

मग विसूकाकांनी मान वर केली आणि पन्हळीकडे पाहिलं. पाटी लावली, गणवेश शिवला, शिट्टी आणली, पण पन्हळ त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिली.

"एवढीशी आहे की ही," विसूकाका म्हणाले.

त्यांनी छोटं मशीन घेतलं. बारीक नळी वर केली. नळी पन्हळीत शिरली. बटण दाबलं.

सूं. पाला आला.
सूं. माती आली.
सूं. चिखल आला.
पुक. टुणकन् काहीतरी मशीनच्या पोटात पडलं.

विसूकाकांनी मशीनचं झाकण उघडलं. हात कोपरापर्यंत काळा झाला. पण मुठीत काय होतं? टिल्लीचा बदाम.

विसूकाकांनी तो नळाखाली धुतला. गणवेशाला पुसला. खाली बसून टिल्लीच्या पंजात ठेवला.

मग मोठी माणसं बोलू लागली. तात्यासाहेब म्हणाले, फीत मी कापली म्हणून बदाम निघाला. रतनशेठ म्हणाले, खोकी मी उघडली म्हणून निघाला. हौसामावशी म्हणाली, हार माझा होता. शेळी म्हणाली, म्यॅऽऽ, उठले तर मी. बोलता बोलता सगळे उन्हात लाल झाले.

टिल्लीने काही ऐकलं नाही. ती केव्हाच झाडावर पोचली होती.

"आई, हा मी तोडला," टिल्ली म्हणाली.

आईने बदाम उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. वास घेतला. मग टिल्लीला जवळ ओढलं. दोघी फांदीवर बसल्या. अर्धा आईला, अर्धा टिल्लीला.

कुट कुट कुट. कुट कुट कुट.

बदाम गेला त्यांच्या पोटात,
गोष्ट गेली तुमच्या कानात.