बोरवनाची फळी

शके अठराशे चौऱ्याऐंशीचा माघ मास होता आणि शिशिर ऋतू नुकताच लागला होता. बोरवनातील वृद्ध वानरी भुरकी पिलांना चेंडूफळी शिकवी. पण चेंडू नेमका फेकू लागलेले प्रत्येक पिलू शेजारच्या आमराईतील वानर आंब्यांचे वचन देऊन घेऊन जात. त्या वर्षी तिच्याजवळ एकटा चिंगा उरला होता.

"मावशी, मलाही बोलावणे आले आहे," तो खाली पाहत म्हणाला.

"मग जा. मात्र फेकताना कोपर वर ठेव. नाहीतर म्हणतील, म्हातारीने काही शिकवलेच नाही."

फाल्गुनी पौर्णिमेला आमराईत वार्षिक सामना होता. पाहुण्यांनी फळी मांडावी, मग यजमानांनी चेंडू टाकावा, असा रिवाज होता. भुरकी फळी घेऊन एकटीच आली.

"आजी, तुमचा संघ वाटेत झोपला की काय?" आमराईच्या नायकाने विचारले.

"तुमच्यामागे उभा आहे," ती म्हणाली.

मग कोणी हसले नाही. तिने रिवाजाप्रमाणे फळी मांडली आणि ती परत निघाली. चिंग्याने चेंडू उचलला. त्याचे कोपर आपोआप वर गेले. पण समोर फळी धरणारे कोणीच नव्हते.

त्या पौर्णिमेला सामन्याचा निकाल लागला, तो कायमचाच.