कोशातले नवरदेव

शेवंता आठ वर्षांची होती, आणि पत्रावळी टाचून टाचून तिची बोटं सोललेली असायची. आई-बाबा नव्हते. ती आणि थोरली बहीण मंजुळा पळसाची पानं आणायच्या, पत्रावळी विकायच्या, मिळेल ती भाकरी अर्धी अर्धी खायच्या. मंजुळा फार मायेची; पण लग्नाचं वय झालं आणि बाईसाहेब हिशेबी झाल्या. नदीवरच्या सोमा होडीवाल्याने मागणी घातली, धाकटीलाही घरी आणू म्हणाला. मंजुळाने त्याला तोलून पाहिलं. उंची बेताची, घर कुडाचं, बोलताना अडखळतो. याला हो म्हटलं आणि उद्या याहून बरा भेटला तर? तिने नकार कळवून टाकला.

एका टळटळीत दुपारी दोघी राईत शिरल्या. पाखरं गप्प होती. पायाखाली सावल्याच नव्हत्या. मधल्या आंब्याला फळांऐवजी कोश लटकत होते, गुलाबी, मोरपंखी, सोनेरी. प्रत्येकात एक इवलासा नवरदेव मुंडावळ्या बांधून झोपलेला. फांदीवर अंगठ्याएवढी परी बसली होती. पंख दवासारखे लुकलुकत होते, ओठ मात्र सुकून फाटले होते. तिच्या हातात शिंपल्यांचा तराजू होता.

परीने हळुवारपणे नियम सांगितला. नवऱ्यात हवे ते तीन गुण मागायचे. प्रत्येक गुणाच्या वजनाचं आपलं काहीतरी पारड्यात घालायचं. काटा बरोबर मध्ये आलाच पाहिजे.

मंजुळाला हा व्यवहार चोख वाटला. उंचीसाठी तिने आपलं गाणं दिलं. गळ्यातून एक निळा चिमुकला थेंब निघाला आणि शिंपल्यात पडला. चिरेबंदी घरासाठी तिने हसू दिलं. काटा दोन्ही वेळा तंतोतंत मध्ये आला.

“आता प्रेमळपणा,” मंजुळा म्हणाली.

“प्रेमाला प्रेमच लागतं, राणी,” परी म्हणाली. “या धाकटीला विसरायचं.”

मंजुळाने शेवंताकडे पाहिलं. बाजारात वांगी बघतात तसं पाहिलं.

“परवडेल,” ती म्हणाली, आणि तिच्या छातीतून शेवंताचं नाव थेंब होऊन शिंपल्यात पडलं.

ताई आता आपल्याला ओळखणार नाही, या विचाराने शेवंताला रडूच फुटलं. डोळे पुसता पुसता तिला परीचे ओठ दिसले. तिने ओच्यातली करवंदं काढली, तिचं दुपारचं जेवण तेवढंच होतं, आणि रिकाम्या पारड्यात ठेवली.

“तुम्हाला तहान लागलीय ना? घ्या.”

“बदल्यात काय हवं?”

“काही नको. खा तुम्ही.”

पारडं धाडकन खाली गेलं. परीचे पंख थरथरले. असं तिला कुणी कधी काही दिलंच नव्हतं. पण काटा मध्ये आणायलाच हवा होता. दुसऱ्या पारड्यात तिने मंजुळाचं गाणं टाकलं, हसू टाकलं, शेवंताचं नाव टाकलं. पुरलं नाही. मग ती एकेक कोश फोडू लागली. आत नवरदेव नव्हतेच. आधी येऊन गेलेल्या मुलींची गाणी होती, हसणी होती, विसरलेल्या बहिणींची नावं होती. सगळं घातलं तरी काटा हलेना.

शेवटी परीने करवंदं खाल्ली आणि स्वतःच पारड्यात जाऊन बसली. काटा मध्ये आला.

“फिटलं,” ती म्हणाली. सारी राई पांढऱ्याशुभ्र उजेडाने भरली, आणि परी त्यात विरून गेली.

पारड्यातलं सगळं हवेत उधळलं. मंजुळाला बहीण आठवली तशी ती मातीतच बसली आणि शेवंताला पोटाशी धरून खूप रडली. मग तिचा हात धरून थेट नदीवर गेली आणि मागणी अजून आहे का, असं सोमाला विचारलं. “हो” म्हणायला त्याला बराच वेळ लागला.

आता तिघं कुडाच्या घरात सुखात राहतात. मंजुळा पुष्कळ हसते. पण कधी कधी तिच्या हसण्यात दुसऱ्याच कुणा मुलीचं हसू ऐकू येतं. तेव्हा शेवंता उठून दार उघडते. ती कुणाची तरी ताई असेल, तिला घरी जायचं असेल.